आशा खातं मामांकडे, रोकड मामीकडे

वर्धा जिल्ह्यातल्या कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरात मंत्रिमंडळ दोनच माणसांचं असतं, पण खातेवाटप पक्कं असतं. आशा खातं नवऱ्याकडे, रोकड खातं बायकोकडे. पाऊस, बोंडं, भाव, कर्जमाफी आणि पुढचं वर्ष हे विषय पहिल्या खात्यात येतात. तेल-मीठ, बचत गटाचा हप्ता, वेचणाऱ्या बायांची मजुरी, पोराच्या मोबाईलचा रिचार्ज आणि उधारी मागायला आलेल्या माणसाला चहा पाजून परत पाठवणं हे दुसऱ्या खात्यात. आशा खात्याला बजेटची मर्यादा नसते. रोकड खात्याला बजेटच नसतं.

माझे मामा-मामी सेलू तालुक्यातले. सात एकर वावर. पाच एकरांत पऱ्हाटी म्हणजे कपाशी, तिच्यात तुरीची तासं, उरलेल्या दोन एकरांत सोयाबीन. विहीर आहे आणि पाऊस बरा झाला तर तिच्यात संक्रांतीपर्यंत पाणीही असतं. आमच्याकडे मामा भाच्याच्या पाया पडतो, आणि भाच्याला काम सांगणं पाप समजतात. त्यामुळे मी गेलो की धुऱ्यावरच्या निंबाखाली बाज टाकली जाते, चहा येतो आणि मला नुसतं बघत बसावं लागतं. वर्ध्याहून येताना मी गोरसपाकाचा पुडा आणतो, एवढंच माझं शेतीतलं योगदान. पुढे जे सांगतो आहे ते बहुतेक त्या बाजेवरून दिसलेलं आहे.

मे संपत आला की मामा बियाण्याच्या अभ्यासाला लागतात. पानठेला, सलून, ग्रामपंचायतीचा ओटा असा हा अभ्यास फिरता असतो. बियाण्याच्या पाकिटावर छापलेल्या झाडाला पानं कमी आणि बोंडं जास्त असतात. २००२ साली बीटी कपाशी आली तेव्हापासून मामा ही झाडं पाहत आले आहेत, पाकिटावर. ४७५ ग्रॅमच्या पाकिटाची जास्तीत जास्त किंमत केंद्र सरकार ठरवून देतं. २०२४ मध्ये ती ८६४ रुपये होती, २०२५ मध्ये ९०१ झाली. पण ज्या वाणाची गावात हवा असते ते घ्यायला गेलं की कुणी न मागितलेलं एखादं टॉनिकही बिलात येऊन बसतं. असलं एक टॉनिक मामीने अंगणातल्या जास्वंदीला घालून पाहिलं. जास्वंद मेली नाही, एवढं त्याच्याबद्दल चांगलं बोलता येईल.

शिवाय सरकारी परवानगी नसलेलं, तणनाशक सोसणारं एक बियाणं असतं. त्याला सगळे राजरोस ‘चोर बीटी’ म्हणतात, इतक्या मोकळेपणाने की चोरानेच लाजावं. ते मामांच्या वावरात आहे की नाही, हे बाजेवरून दिसत नाही.

बियाणं घरी आलं की त्याचा ताबा मामीकडे जातो. कोठीच्या खोलीला कुलूप, किल्ली कमरेला. कारण पहिला पाऊस पडला, माती वासावर आली की मामांना आवरत नाही. कृषी विद्यापीठवाले सांगतात, पाऊणशे ते शंभर मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका. मामीकडे पर्जन्यमापक नाही, विळा आहे. ती वावरात मधोमध बसते, विळ्याचं टोक मातीत घुसवते, वर काढते आणि पात्याला माती कुठपर्यंत चिकटली ते बघते. मामा उभे राहून दुसरीकडे बघत असतात, निकालाच्या दिवशी पोरं बघतात तसे. वीतभर ओल नसेल तर मामी काही न बोलता उठते आणि घराकडे चालू लागते. गावात ज्यांच्या घरी कुलूप नाही त्यांना दुबार पेरणी करावी लागते. हे निरीक्षण मी मामांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, “ते सोड, यंदा मृगाचं वाहन पाह्यलं काय?”

२०१७ साली गुलाबी बोंडअळीने विदर्भातल्या पऱ्हाटीची पार वाट लावली. बीटी जिला मारायला आली होती, तिने बीटीच पचवली. तेव्हापासून कृषी विभाग कामगंध सापळे लावायला सांगतो. सापळ्यात मादी पतंगाच्या वासाची एवढीशी गोळी असते, नर त्या वासावर येतात आणि अडकतात. मामांनी हे शास्त्र मामीला समजावून सांगितलं. मामीने सापळा उलटासुलटा करून पाहिला.

“म्हंजे अंदर मादी नाहीच?”

“नाही.”

“नुस्ता वास?”

“हाव.”

“अन् तेवढ्यावर हे सारे येते?”

“येतेत.”

“मंग तुमच्या कर्जमाफीवानीच झालं हे.”

आता ही कर्जमाफीची गोष्ट मामांच्या वर्मी लागणारी आहे. २००८ च्या केंद्राच्या माफीला दोन हेक्टरांची अट होती. मामांचं वावर दोन एकरांनी जास्त भरलं आणि मामा मोठे शेतकरी ठरले. या कोरडवाहू मुलखात सात एकरांत जे पिकतं ते ओलिताच्या दोन एकरांत पिकतं, हे दिल्लीला कळायला एखादा कामगंध सापळा दिल्लीत लावायला हवा होता. २०१७ ला राज्याने दीड लाखापर्यंतची माफी दिली, २०१९ ला दोन लाखांपर्यंतची. पण तोवर मामीने बकऱ्या विकून आणि बचत गटातून उचल घेऊन बँकेचा हप्ता वेळेवर भरायची सवय लावून घेतली होती. नियमित फेडणाऱ्याला माफी नसते, प्रोत्साहन असतं. “तू जर का भरले नसते...” हे मामांचं वाक्य मी अनेकदा ऐकलं आहे. ते कधी पूर्ण होत नाही, कारण तेवढ्यात मामी त्यांच्याकडे बघते.

याच जिल्ह्यातल्या डोरली गावाने २००५-०६ मध्ये ‘गाव विकणे आहे’ असं जाहीर केलं होतं. गिऱ्हाईक मिळालं नाही, पॅकेज मिळालं. २००६ च्या पावसाळ्याच्या तोंडाशी पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात आले आणि सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींची घोषणा झाली. त्या सहांत वर्धा होतंच. पॅकेजात अनुदानावरच्या दुधाळ गाईही होत्या. मामांच्या शेजाऱ्याकडे तशी एक संकरित गाय आली. वर्ध्याचा उन्हाळा पंचेचाळीसच्या पुढे जातो. ती गाय दिवसभर पंख्याखाली उभी राहायची आणि घरातली माणसं बाहेर निंबाखाली. ढेप खायची ती घरच्या किराण्यापेक्षा महाग. गंमत अशी की गवळाऊ ही गाईची नामांकित जात याच जिल्ह्यातली, तिच्यासाठी कारंजा तालुक्यात हेटीकुंडीला सरकारी प्रक्षेत्रसुद्धा आहे. तिला पंखा लागत नाही. पण घरच्या गाईला पॅकेजमध्ये कोण घेतं?

रात्री वावर डुकरांचं असतं. बोरचं जंगल जवळ, २०१४ मध्ये त्याचा व्याघ्र प्रकल्प झाला. वाघ डुकरं खाईल आणि पीक वाचेल असा मामांचा हिशेब होता. वाघ आले, पण डुकरं काही कमी झाली नाहीत. फरक एवढाच पडला की आता मामा जागलीला जायला निघाले की मामी दारात उभी राहून, “जाऊ द्या दोन तासं खाल्ले तर,” म्हणते. मामा जातातच. मचाणावर बॅटरी, काठी आणि मोबाईल. मोबाईलमध्ये वाघाच्या डरकाळीची क्लिप आहे. ती पहिल्यांदा वाजवली त्या रात्री डुकरं पळाली, गावातली कुत्री पळाली आणि शेजारच्या वावरातला जागलीवाला उजाडेपर्यंत मचाणावरून उतरला नाही. दुसऱ्या आठवड्यात डुकरं त्या आवाजाला इतकी सरावली की क्लिप सुरू असताना सोयाबीन खात होती.

यावर गावोगाव चालणारा उपाय म्हणजे साड्या. धुऱ्याभोवती खुंट्या ठोकायच्या आणि जुन्या साड्या बांधत जायच्या. वाऱ्याने पदर हलतो, डुक्कर बिचकतं. मामांच्या सात एकरांना मामीचा सगळा संसार लागला आहे. पांदणीच्या बाजूला भावांनी राखी-भाऊबीजेला दिलेल्या, म्हणजे ज्या एका धुण्यात विटल्या त्या. नाल्याकडे हळदीकुंकवाला आणि बारशा-डोहाळजेवणांत मिळालेल्या, ज्या मामी पुढे देणार होती पण कुणाला द्यायची लाज वाटली. एक निवडणुकीच्या काळातली आहे, तिच्याबद्दल मामी काही सांगत नाही. विहिरीजवळ मोरपंखी रंगाची एक आहे, ती मामांनी हौसेने आणलेली एकुलती एक. तिथून रोही उडी मारून आत येतो. मामी म्हणते, “तुमी आनलेल्या साडीतच दम नाही.”

या साड्या उन्हात, पावसात तीन-तीन हंगाम टिकतात, कारण त्या सगळ्या पॉलिस्टरच्या आहेत. सुती साडी एका पावसाळ्यात गेली असती. म्हणजे ज्या जिल्ह्यात १९३६ साली गांधीजी सेवाग्रामला येऊन राहिले, जिथे मगनवाडीत खादीचं संग्रहालय झालं, त्या जिल्ह्यातल्या कापसाची राखण पॉलिस्टर करतं. मामांच्या अंगातही टेरिकॉटच असतं. सेवाग्राम बघायला आलेली मुंबईची एक मंडळी रस्त्याकडेला गाडी थांबवून मामांबरोबर फोटो काढत होती. त्यातल्या एका बाईंनी विचारलं, “काका, तुम्ही स्वतःच्याच कापसाचे कपडे घालत असाल ना?” मामांनी त्यांच्या खादीच्या कुर्त्याची किंमत विचारली. ती ऐकून ते बराच वेळ पऱ्हाटीकडे बघत राहिले, तिने काहीतरी लपवून ठेवल्यासारखे.

सरकारी योजनांच्या बाबतीत मामा-मामींत थोडा तणाव आहे. मामा कागदोपत्री शेतकरी, सातबारा त्यांच्या नावावर. त्यांना पीएम-किसानचे वर्षाला सहा हजार येतात आणि २०२३ पासून राज्याच्या नमो सन्मान निधीचे सहा हजार, मिळून बारा. मामी कागदोपत्री लाडकी बहीण. जुलै २०२४ पासून तिला महिन्याला दीड हजार सुरू झाले, वर्षाचे अठरा. म्हणजे सरकारच्या लेखी शेतकरी असण्यापेक्षा बहीण असणं बरोबर दीडपट फायद्याचं आहे. शेतकरी संघटना इतकी वर्षं दीडपट दीडपट म्हणून ओरडत होत्या, तो दीडपट अखेर मिळाला, फक्त कापसाला नाही, मामीला मिळाला.

यावरून मला आठवलं, हमीभाव कसा निघतो ते मामांनी एकदा मामीला समजावलं होतं. सरकार खर्च धरतं तो ‘ए-टू अधिक एफ-एल’. ए-टू म्हणजे खिशातून गेलेला पैसा, एफ-एल म्हणजे घरच्या माणसांची मजुरी.

“तू एफ-एलमधी येतं,” मामा म्हणाले.

“अन् तुमी?”

“मीबी त्याच्यातच.”

“दोघाईले एकच अक्षर? काम तर एकच जन करते.”

योजनांचे पैसे यायचे तर अंगठा लागतो, आणि मामीचा अंगठा यंत्राला पटत नाही. पऱ्हाटीचं बोंड फुटलं की त्याच्या कवचाच्या पाकळ्या वाळून टोकदार होतात, वेचताना बोटांच्या शेंड्यांवर रोज ओरखडे पडतात. दिवाळी ते होळी असं वेचलं की रेषा राहतात कुठे? सेतू केंद्रातला पोरगा म्हणतो, “काकू, हात धुऊन या.” मामी हात धुऊन येते. “काकू, खोबरेल तेल लावा.” मामी तेल लावते. “काकू, दुसरं बोट.” दहाव्या बोटाला यंत्र हो म्हणतं.

मामांचा अंगठा मात्र पहिल्या झटक्यात लागतो. मामी यावर काही बोलत नाही. तिला बोलायची गरज नसते.

ई-पीक पाहणीचं ॲप २०२१ मध्ये आलं. आपल्या वावरात उभं राहून आपणच पिकाचा फोटो काढायचा आणि चढवायचा. मामांच्या वावरात नेटवर्क फक्त मचाणावर येतं. मचाणावरून काढलेल्या फोटोत पीक लांब दिसतं आणि मामांचा अंगठा जवळ. बाकी एक रुपयात पीकविमा २०२३ च्या खरिपात आला आणि २०२५ मध्ये गेलासुद्धा. समृद्धी महामार्गही मामांच्या धुऱ्यापासून थोडक्यात हुकला. ज्यांची जमीन त्यात गेली त्यांनी चारचाकी घेतल्या. मामांना रात्री मचाणावरून त्या महामार्गाचे दिवे दिसतात.

आता मुख्य गोष्ट, कापूस. पहिल्या वेचणीआधी मामी वावरात सीतादही करते. पऱ्हाटीजवळ दगड मांडायचे, हळदीकुंकू वाहायचं, दहीभाताचा निवद दाखवायचा. मग वेचणी. सगळी वेचणी उरकेपर्यंत पाच एकरांत पंचवीसेक क्विंटल निघालं तर मामा वर्ष बरं गेलं म्हणतात.

२०२१-२२ च्या हंगामात कापूस दहा हजारांच्या वर गेला. मामांनी तेव्हा दिवाळीच्या आसपासच विकून टाकला होता, त्याहून बऱ्याच कमी भावात, मामीच्या सांगण्यावरून, उधारी चुकवायला. ही जखम घेऊन मामा वर्षभर हिंडले. पुढच्या हंगामात आशा खात्याने पहिल्यांदा रोकड खात्यावर मात केली. “यंदा दहाच्या खाली द्यायचा नाही,” मामा म्हणाले. विदर्भातले बहुतेक मामा त्या वर्षी हेच म्हणत होते.

कापूस घरात आला आणि समोरच्या खोलीत राहिला. सैल कापसाला जागा किती लागते हे ज्याने घरात ठेवला त्यालाच कळतं. वीस-बावीस क्विंटल कापसाने खोली आढ्यापर्यंत भरली. सोफा खाली गेला. दिवाण गेला. भिंतीवरचा टीव्ही कापसाआड गेला. तो बंद करायचा राहून गेला होता, त्यामुळे लाईन जाईपर्यंत कापसाच्या आतून एका सासूचं रडणं ऐकू येत होतं. मामा-मामी ओसरीत झोपू लागले. थंडी वाढली तेव्हा मामी म्हणाली, “लोकाईले गाद्या पुरवता अन् आपन कुडकुडून मरा.”

जानेवारीत भाव आठाच्या आसपास रेंगाळला. मामा रोज सकाळी फोनवर हिंगणघाटचा भाव बघायचे, मग न्यूयॉर्कचा बघायचे. न्यूयॉर्कचा भाव पौंडाला सेंटमध्ये असतो. त्याचं क्विंटलला रुपयांत गणित ते चुलीपुढे बसून लाकडाच्या कोळशाने फरशीवर मांडायचे. त्यात सरकीचा भाव मिळवायचा, जिनिंगचा खर्च वजा करायचा, आणि उत्तर कुठलंही आलं तरी त्याखाली लिहायचं, ‘मार्चमध्ये दहा’. मामी संध्याकाळी ती फरशी पुसायची.

फेब्रुवारीत खाज सुरू झाली. साठवलेल्या कापसात बारीक किडे होतात आणि घरादाराला खाजवायला लावतात. त्या हंगामात ही तक्रार गावोगाव होती. मामांना तालुक्याला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी अंगावरचे चट्टे बघून विचारलं, “घरात काही पाळलंय का? कुत्रं, मांजर?”

“कापूस,” मामा म्हणाले.

त्याच काळात मामेभावाला पाहायला पाहुणे आले. पोरगा बुटीबोरीला एका कंपनीत आहे, आणि सध्या मुलीच्या बापांची अट अशी की मुलगा नोकरीवाला हवा, घरी शेती हवी आणि मुलगी त्या शेतीत जाणार नाही. पाहुणे ओसरीत बसले. मुलीच्या वडिलांनी घर बघायची इच्छा दाखवली. मामांनी समोरच्या खोलीचं दार उघडलं. दारात पांढरी भिंत उभी राहिली. पाहुण्यांनी ती खालून वरपर्यंत पाहिली आणि विचारलं, “वीस असन?” “बावीस,” मामा म्हणाले. मग दीड तास दोघं भावावर बोलले. मुलीचा विषय निघालाच नाही. पाहुण्यांच्या घरीही अठरा क्विंटल होता आणि त्यांचाही निर्धार दहाचाच होता. लग्नाचं भाव वाढल्यावर पाहू असं ठरलं, म्हणजे ते मोडलं.

जूनच्या तोंडाशी, बियाण्याला पैसे हवेत म्हणून, कापूस सातच्या आसपास गेला. घरात वाळून वजन घटलं ते वेगळं. खोली मोकळी झाली तेव्हा टीव्हीचा रिमोट सापडला. त्यावर मामा म्हणाले, “पाह्य, कायी तरी वापस आलं.”

मध्यंतरी मामांना कुणीतरी ऑस्ट्रेलियातल्या कापूस वेचणीचा व्हिडिओ पाठवला. न्यू साऊथ वेल्समध्ये नॅराब्राय, मोरी अशी गावं आहेत, तिकडचा. घराएवढं यंत्र पऱ्हाटीतून जातं आणि मागून पिवळ्या प्लास्टिकात गुंडाळलेला गोल गठ्ठा टाकतं. एकेक गठ्ठा वीस क्विंटलांहून जास्त. मामांचं एक वर्ष आणि त्या यंत्राचा एक गठ्ठा यांत फारसा फरक नाही. हेक्टरी रुईचं त्यांचं उत्पादन आपल्या देशाच्या सरासरीच्या चौपटीहून जास्त असतं. मामांनी व्हिडिओ थांबवून थांबवून पाहिला. “बाया कुठं आहेत?” ते म्हणाले. मी म्हणालो, बाया नाहीत. “मंग हे बोलते कोनासंग दिवसभर?”

मी त्यांना सांगितलं की त्यांचंही सगळं गोड नाही. तिकडे पाऊस रुसला की वर्षानुवर्षं रुसतो. मोठ्या शेतांचे कर्जाचे आकडे आपल्या जिल्हा बँकेला झेपणार नाहीत असे. रानडुकरं तिकडेही आहेत, ती सरकार हेलिकॉप्टरमधून मारतं. (यावर मामांनी आकाशाकडे पाहिलं.) बायको तालुक्याच्या शाळेत नाहीतर दवाखान्यात नोकरी करते आणि तिच्या पगारावर शेत चालतं, असंही पुष्कळ घरांत आहे. शेतकऱ्यांना बायका मिळाव्यात म्हणून तिकडे २००७ पासून टीव्हीवर एक कार्यक्रमच चालतो. आणि अडचणीतल्या शेतकरी नवरा-बायकोला सरकार घरखर्चाला भत्ता देतं, दहा वर्षांतून जास्तीत जास्त चार वर्षं.

मामांनी विचार केला. “म्हंजे बाकीचे सहा वर्षं पिकते तिथं?”

मामीने मात्र एकच विचारलं. “तिचा पगार तिच्या नावावर येते, का नवऱ्याच्या?”

२०२५ च्या ऑगस्टमध्ये केंद्राने परदेशी कापसावरचं अकरा टक्के आयात शुल्क काढून टाकलं, आधी सप्टेंबरअखेरपर्यंत, मग डिसेंबरअखेरपर्यंत. नेमका आपला कापूस निघायच्या वेळी. त्याआधीच ऑस्ट्रेलियाशी करार होऊन तिथला ठरावीक कापूस बिनशुल्क येत होताच. तो गठ्ठा समुद्र ओलांडून थेट गिरणीत जातो. मामांच्या कापसाचा प्रवास जास्त खडतर असतो. लांब धाग्याचा हमीभाव २०२५-२६ ला ८,११० रुपये ठरला, बाजारात त्याहून कमी, म्हणून सरकारी खरेदीला, म्हणजे सीसीआयला द्यायचा. त्यासाठी ॲपवर नोंदणी, मग स्लॉट, मग रांग. ओलावा आठ टक्क्यांपर्यंत असेल तर पूर्ण भाव, आठाच्या पुढे दर टक्क्याला कपात, बाराच्या पुढे कापूस परत.

एका खरेदी केंद्रावर मामांची गाडी रात्रभर उघड्यावर उभी होती. घरून निघाला तेव्हा कापूस चांगला कोरडा खडखडीत होता. रांगेत त्याने रात्रभर दव खाल्लं. सकाळी यंत्राची सळई खुपसली, आकडा आला तेरा. मामा म्हणाले, “साहेब, हा ओलावा माह्या वावरातला नाही, तुमच्या रांगेतला आहे.” साहेब म्हणाले, यंत्रात तसा रकाना नाही. मग मामांनी तिथेच कोपऱ्यात ताडपत्री अंथरली आणि कापूस पसरला. मामी घरून डबा घेऊन आली. दोघं दुपारभर त्या पांढऱ्या ढिगाऱ्याशेजारी बसून कापूस उलटापालटा करत राहिले आणि येणारा-जाणारा प्रत्येक माणूस मूठभर हातात घेऊन, दाबून, आपलं मत देऊन गेला. संध्याकाळी आकडा नवावर आला. एका टक्क्याची कपात मामांना लागली नाही, त्यांना चार टक्के जिंकल्याचा आनंद झाला होता. कपातीचे रुपये किती हे मामीने डब्याच्या झाकणावर बोटाने लिहून पाहिलं आणि पुसलं.

मामांचा पुढच्या वर्षीचा बेत तयार आहे. दोन एकरांत हळद. समुद्रपूर तालुक्यातल्या वायगावच्या हळदीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तिचा रंग नामी आणि भावही बरा. तिला पाणी लागतं, बेणं महाग असतं, आणि वायगाव म्हणजे सेलू नव्हे, हे मामीने निदर्शनाला आणलं आहे. बेत कायम आहे. किल्लीही कमरेला कायम आहे.

तूर्त अडचण वेगळी आहे. दुसरी वेचणी उभी आहे, बोंडं फुटून कापूस लोंबतो आहे आणि वेचायला बाया मिळत नाहीत. ज्या मिळतात त्यांना दहा किलोमीटरवरून ऑटोने आणावं लागतं, ऑटोचं भाडं मालकाचं. तेव्हा वाचकांपैकी कुणाला हवापालट म्हणून यायचं असेल तर अवश्य यावं. मजुरी किलोमागे दहा रुपये. सवय नसलेला माणूस दिवसभरात पंधरा किलोही वेचत नाही, हे आधीच सांगतो. चहा दोनदा मिळेल, जेवणाचा डबा आपला आणावा. पाचोळा कापसात येऊ देऊ नये, दव सुकल्यावरच हात लावावा. मजुरी रोख आणि त्याच दिवशी. वजन मामी करते, तिच्याशी वाद घालू नये.